‘सगळं एकच’ म्हणण्याआधी

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका सभागृहात सर्वधर्म सद्भावना मेळावा होता. व्यासपीठावर भंते होते, मौलाना होते, फादर होते, कीर्तनकार महाराज होते, जैन तत्त्वज्ञानाच्या एक जाणकार बाई होत्या. सगळे छान बोलले. समारोपाला उठलेल्या पाहुण्यांनी सर्वांची मोट बांधली. म्हणाले, “मोक्ष म्हणा, निर्वाण म्हणा, फना म्हणा की साक्षात्कार म्हणा, वाटा वेगळ्या, गाव एकच.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी पांढऱ्या लुगड्यातल्या, सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या, नागपूरच्याच इंदोरा वस्तीतून आलेल्या. त्यांचे हात मांडीवरच राहिले. बाहेर पडताना पायरी उतरायला त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “सारं एकच होतं, त मंग आमी कायले बौद्ध झालो जी?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. हा लेख त्या प्रश्नापायीच लिहितो आहे.

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य आपण शाळेच्या परिपाठापासून ऐकत आलो. ते म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही. पण हेतू चांगला असला तरी वाक्य खरं ठरत नाही. आणि नागपुरात तर ते वाक्य एका फार मोठ्या घटनेवरून बोळा फिरवतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानायला स्पष्ट नकार देते. म्हणजे ‘हे आणि ते एकच’ या म्हणण्यालाच तिथे शपथेवर नकार दिला गेला. आजी तेव्हा आईच्या कडेवर होत्या. भाकरी फडक्यात बांधून, रात्रभर चालून त्यांची माणसं आली होती. गाव एकच असतं तर एवढी पायपीट कोणी कशाला केली असती?

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्ञानप्राप्तीसाठी वेगवेगळ्या धर्मांनी, वेगवेगळ्या भाषांनी घडवलेले शब्द ही एकाच वस्तूची पाच नावं नव्हेत. प्रत्येक शब्दामागे माणसाचं दुखणं नेमकं काय, याचं वेगळं निदान आहे. निदान वेगळं, म्हणून औषध वेगळं, आणि बरं होणं म्हणजे काय हेही वेगळं. शेजाऱ्याचा मान राखायचा असेल तर आधी त्याचं निदान समजून घ्यावं लागेल.

शब्दांपासूनच सुरुवात करू. इंग्रजीत बुद्धाच्या बोधीला ‘एनलायटनमेंट’ म्हणतात. त्यात प्रकाश आहे. पण ‘बुध्’ या धातूत प्रकाश नाही, जागं होणं आहे. बुद्ध म्हणजे जागा झालेला. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी पाली-संस्कृत ग्रंथांची भाषांतरं केली तेव्हा त्यांच्या हाताशी जो मानाचा शब्द होता तो त्यांनी बोधीला लावला. हा शब्द त्यांच्याकडे अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी चळवळीचं नाव म्हणूनही वापरात होता, त्या चळवळीचं, जिच्याबद्दल जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८४ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. आता गंमत बघा. त्याच युरोपीय चळवळीला मराठीत नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपण ‘प्रबोधन’ म्हटलं. १९२१ मध्ये सुरू झालेल्या त्या नावाच्या पाक्षिकामुळे केशव सीताराम ठाकरे कायमचे प्रबोधनकार झाले. म्हणजे इंग्रजांनी आपल्या जागं होण्याला प्रकाश केलं आणि आपण त्यांच्या प्रकाशाला जागं होणं केलं. आणि आज आपली वर्तमानपत्रं बुद्धपौर्णिमेला ‘ज्ञानप्राप्ती’ छापतात, जणू काही बाहेरून मिळालेली वस्तू असावी. जाग येते. ती कुठून आणावी लागत नाही, मिळवावी लागत नाही.

पालीत प्रकाश अजिबात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात ‘आलोको उदपादि’ आहे, प्रकाश उगवला. दीक्षाभूमीच्या वाटेवर दर दसऱ्याला ज्या कमानी लागतात त्यांवर ‘अत्त दीप भव’ असतं, आणि आपण सगळे त्याचा अर्थ ‘स्वतःचा दिवा हो’ असा घेतो. पण पालीत ‘दीप’ म्हणजे दिवाही होतो आणि बेटही. संस्कृतातल्या समांतर पाठात तो शब्द ‘द्वीप’ असा येतो. पुरात सापडलेल्या माणसाला पाय टेकायला मिळालेली कोरडी जमीन. ज्यांनी उभा जन्म पुरात काढला त्यांच्यासाठी मला हा दुसरा अर्थ जास्त खरा वाटतो.

आणि निब्बान, निर्वाण? त्यात तर दिवा लागत नाही, विझतो. तृष्णेची, द्वेषाची, मोहाची आग शमणं असा तो शब्द आहे. आमच्या घरी संध्याकाळचा दिवा गेला की आई कधीच ‘विझला’ म्हणू द्यायची नाही. “दिवा शांत झाला म्हण,” असं दटावायची. तिला त्यात अपशकुन टाळायचा असे. पण ते ‘शांत झाला’ म्हणजे निब्बानाचं जितकं नेमकं मराठी भाषांतर आहे तितकं मला कुठल्या कोशात सापडलं नाही. वर्तमानपत्री मराठीनं मात्र त्याच शब्दापासून ‘निर्वाणीचा इशारा’ तयार केला. शांत होण्याचा शब्द धमकीला जुंपला गेला आणि आपल्याला ते खटकतही नाही. ६ डिसेंबरच्या अंकात एका पानावर ‘महापरिनिर्वाण दिन’ असतो आणि दुसऱ्या पानावर कुठल्यातरी संघटनेचा निर्वाणीचा इशारा.

जैनांकडे जा. तिथे आग नाही, झोप नाही. तिथे आवरण आहे. जीव मुळातच ज्ञानमय आहे, त्यावर कर्माचा लेप बसला आहे. लेप गेला की उरतं ते केवलज्ञान. भगवान महावीरांना ते ऋजुवालिका नदीच्या काठी, शालवृक्षाखाली झालं, आणि परंपरा सांगते की तेव्हा ते गोदोहासनात होते. म्हणजे धार काढायला माणूस चवड्यांवर बसतो तसे. बुद्ध पद्मासनात आणि महावीर धार काढायच्या बैठकीत. ज्यानं कधी गोठ्यात दोन्ही गुडघ्यांत चरवी धरली असेल त्याला कळेल की त्या बैठकीत पाठ टेकत नाही, टाच टेकत नाही, पोटऱ्या भरून येतात. तपाला जिथे पहिलं स्थान आहे, तिथे शेवटच्या क्षणीही शरीराला सूट नाही. बुद्धानं मात्र कठोर तप सोडून दिलं, सुजातेची खीर खाल्ली आणि मग तो बसला. या दोन चित्रांना ‘एकच’ म्हणायचं तर दोहोंपैकी एकाकडे तरी आपण नीट पाहिलेलं नाही.

आमच्या वारकऱ्यांचं तर तिसरंच. तुकोबा मागतात काय? ‘न लगे मुक्ति धनसंपदा’, आणि वर ‘गर्भवासी सुखे घालावे आम्हासी’. जन्ममरणाचा फेरा हेच बौद्धांचं आणि जैनांचं मूळ दुखणं. तुकोबा तोच फेरा देवाकडे मागून घेतात, कारण त्यात संतसंग आहे, नाम आहे. मुक्ती धनसंपदेच्या शेजारी बसवून दोन्ही एकदमच नको म्हणणारा हा माणूस. ज्याला एक धर्म रोग म्हणतो त्याला दुसरा दान म्हणतो. ‘हेचि दान देगा देवा’ आपण आरतीनंतर इतक्या सवयीनं म्हणतो की त्यात किती मोठा नकार आहे हे लक्षातच येत नाही.

नागपूरपासून लांब न जाता आणखी एक उदाहरण घेऊ, कारण ते मला सर्वांत जवळचं वाटतं. सूफी संत ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ चा, नागपूरजवळच्या कामठीचा. लष्करात नोकरी केली. पुढे त्यांचं वागणं लोकांना चमत्कारिक वाटू लागलं आणि १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकलं. तिथे ते सुमारे सोळा वर्षं होते. त्यांना भेटायला लोकांची रीघ लागे. पुढे नागपूरच्या राजघराण्यातल्या रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. सरकारी कागदात ज्याला वेड म्हटलं त्याला सूफी परंपरेत एक नेमका शब्द आहे: मज्जूब. ज्याला खुदानं ओढून घेतलं तो. खेचला गेलेला. फना म्हणजे ‘मी’ नाहीसा होणं, आणि बका म्हणजे त्यानंतर त्याच्यात टिकून राहणं. मज्जूब हा बहुतेकदा परत न आलेला माणूस. ज्यांच्या बोलीत हा शब्द होता त्यांना कोठडीत वली, म्हणजे संत, दिसला. ज्यांच्याकडे तो शब्द नव्हता त्यांना फक्त रोगी दिसला. एकच माणूस, एकच कोठडी. शब्दानं किती फरक पडतो हे याहून ढळढळीत कसं दाखवायचं?

आपल्या मराठीकडेही असा माणूस होता. तेराव्या शतकात ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, ज्यांना लोक राऊळ म्हणत. ते कुणाच्याही घरात शिरायचे, कुणाचंही जेवायचे, हसायचे, मुलांत खेळायचे. वेडे म्हणणारे म्हणालेच. पण त्यांच्या महानुभाव पंथानं त्यांना परमेश्वराचा अवतार मानलं. त्याच पंथातली नागदेवाचार्यांची गोष्ट मराठी माणसानं विसरू नये. केशिराजानं संस्कृतात लिहायचं म्हटलं तेव्हा नागदेवांनी त्याला अडवलं: नको, यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील. ज्ञान अवघड भाषेत गेलं की ज्यांच्यासाठी ते होतं त्या बायाबापड्या लुबाडल्या जातील, हा त्यांचा आक्षेप. त्याच्या कितीतरी शतकं आधी विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातही, असाच प्रसंग आहे: दोन भिक्षू बुद्धवचन वैदिक छंदात बांधायची परवानगी मागतात आणि बुद्ध नकार देतो. दोन परंपरा, एकमेकींशी न पटणाऱ्या, पण भाषेच्या बाबतीत दोघींची काळजी सारखी. सारखेपणा शोधायचाच असेल तर मी तो इथे शोधीन, म्हातारीच्या काळजीत. तो शोधायला मोक्ष आणि निर्वाण एका पिशवीत कोंबण्याची गरज पडत नाही.

ख्रिस्ती मंडळींचं थोडक्यात सांगतो. नव्या करारातल्या ग्रीक ‘मेटानोइया’ या शब्दात मन पालटणं आहे. मराठी बायबलात त्याचा ‘पश्चात्ताप’ झाला, म्हणजे मागाहून होणारा ताप. मन वळण्यापेक्षा मन पोळणं ठळक झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे ते संपादक झाले. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. सेतूला दोन टोकं असतात, आणि मधल्या नदीचं भान असलेल्यालाच सेतू लागतो, म्हणून मला टिळकांची ही उपमा मोलाची वाटते. हा सेतू त्यांना फुकट मिळाला नव्हता. बायको-मुलांची ताटातूट सोसून त्यांनी ती नदी ओलांडली. त्यांना ‘अहो, दोन्ही काठ एकच’ असं सांगायला कोणी गेलं असतं तर ते काय म्हणाले असते?

दरवर्षी हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार भरतो. एकदा मफलर घेताना मी एका वयस्क बाईंना विचारलं, तुमच्या भाषेत बुद्धाला काय म्हणतात? “संग्ये,” त्या म्हणाल्या, आणि अर्थ सांगायला मोडकी हिंदी पुरेना म्हणून आधी दोन्ही तळहात एकमेकांवर झाडले, मग ओंजळ करून ती फुलासारखी हळूहळू उघडली. मळ झडलेला आणि उमललेला. तिबेटी भाषेनं एका शब्दात दोन क्रिया बांधल्या आहेत. मला तो शब्द त्या हातांसकट लक्षात राहिला आहे.

आणि ज्यांच्याकडे असा शब्दच नाही, त्यांचं काय? नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं. विदर्भातल्या गोंड परंपरेत माणूस मेल्यावर पेनांमध्ये, पूर्वजदैवतांमध्ये जाऊन मिळतो. त्याला सुटायचं नाहीच. त्याला आपल्या कुळात, आपल्या माणसांत परत जायचं आहे. ‘प्रत्येक धर्मात मुक्तीची कल्पना असतेच’ असं गृहीत धरून आपण प्रश्न विचारतो, तिथेच त्या लोकांना आपण दाराबाहेर उभं करतो. त्या मेळाव्याच्या व्यासपीठावर त्यांच्यातलं कोणीच नव्हतं, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

आता दुसरी बाजू. माझा एक मित्र वीस वर्षं शांततेच्या कामात आहे. तो म्हणतो, “तुझे शब्दांचे फरक पुस्तकात ठेव. मार्च २०२५ च्या दंगलीत आपल्या महाल भागात काय झालं ते पाहिलंस ना? संचारबंदीत मी गल्लीगल्लीत फिरलो. त्या वेळी ‘सगळे एक’ एवढंच म्हणता येतं.” त्याच्या कामापुढे मी नम्र आहे. जळत्या रात्री कोणी व्युत्पत्ती सांगत बसू नये, हे मलाही कळतं. पण माझा त्याला सवाल असा की ‘सगळे एक’ आपण सत्तर वर्षं म्हणत आलो, तरी ती रात्र आलीच ना? शेजारी माझ्यासारखाच आहे, म्हणून त्याला जगू द्यायचं, असं शिकवलं तर ज्या दिवशी तो माझ्यासारखा नाही हे दिसेल त्या दिवशी मी काय करू? तो माझ्यासारखा नाही, आणि तरी त्याच्या दारावर दगड पडता कामा नये, हे शिकवायला हवं होतं. ते आपण शिकवलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: अनुभव एकच असतो, शब्द नंतर येतात. असेल कदाचित. पण मज्जूबाची गोष्ट मला उलटं सांगते. शब्द आधी असतो. काय शोधायचं, कशासाठी बसायचं, कुठे थांबायचं हे तो ठरवतो. सातोरीच्या, म्हणजे झेनमधल्या जागं होण्याच्या, शोधात भिंतीकडे तोंड करून बसलेला झेन साधक आणि विठ्ठलाच्या नावानं टाळ कुटणारा वारकरी एकाच घडीला एकाच ठिकाणी पोचतात, असं ठामपणे सांगायला दोन्हीकडे पोचलेला माणूस हवा.

ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर, गुरुवारी गेलात तर नारळ घेऊन आलेल्या हिंदू बायका दिसतील. त्या मजारीला ‘बाबांची समाधी’ म्हणतात, दुकानदार बाबांच्या जाण्याला ‘बाबांनी पर्दा केला’ म्हणतो, आणि त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला जे म्हणतात त्या उर्स या शब्दाचा मूळ अर्थ लग्न, प्रियाशी मीलन, हे दोघांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. याला मी सरसकटीकरण म्हणणार नाही. त्या बायका लेकराच्या तापासाठी, नवऱ्याच्या नोकरीसाठी पायी आलेल्या असतात. त्यांनी कुणाचा शब्द पुसलेला नसतो, आपला शब्द सोबत आणलेला असतो. माझी तक्रार त्यांच्याशी नाही. ती व्यासपीठावरून आणि छापील पानांवरून होणाऱ्या पुसण्याशी आहे. दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना वर्तमानपत्रं अजून ‘भाविक’ लिहितात, ‘दर्शनासाठी रांगा’ लिहितात. तिथे येणारा माणूस स्वतःला अनुयायी किंवा उपासक म्हणतो, आणि तो दर्शनाला येत नाही, अभिवादनाला, वंदनेला येतो. बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटलं. या एका शब्दात त्यांचा सगळा धम्म आहे. बातमीदारानं ‘दर्शन’ लिहिलं की तो मार्गदाता पुन्हा गाभाऱ्यात जाऊन बसतो. हा शब्दच्छल नाही. ज्या माणसानं एक शब्द सोडण्यासाठी पिढीजात सगळं सोडलं, त्याला तोच शब्द आपण पुन्हा चिकटवतो आहोत.

बाबासाहेबांचं हे वाचन सगळ्या बौद्धांना मान्य आहे असंही नाही. विपश्यनेला जाऊन आलेले माझे परिचित निब्बानाबद्दल बोलतात तेव्हा श्वासाबद्दल, संवेदनांबद्दल बोलतात. चळवळीतले जुने कार्यकर्ते बोलतात तेव्हा विहिरीबद्दल, शाळेबद्दल, याच जन्मातल्या सुखाबद्दल. एका विहारात दोन्ही बाजूंची मंडळी चटईवर शेजारी बसतात आणि तावातावानं वाद घालतात. मला तो वाद ऐकायला आवडतो. कोणी तिथे येऊन ‘दोघांचंही एकच’ म्हणालं तर दोघंही उठून जातील.

महिन्याभरानं मी आजींना भेटायला इंदोऱ्याला गेलो. चहा झाला. मी विचारलं, आजी, निब्बान म्हणजे तुम्हाला काय वाटतं? त्यांनी बराच वेळ भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माह्या बापानं दीक्षा घेतली, तवापासून मेलेल्या ढोराले हात नाही लावला. गावानं बोलावलं, धमकावलं, धान्य बंद केलं. नाही लावला. आमची माय सांगे, त्या रात्री तो लय शांत झोपला.”

या वर्षीच्या मेळाव्याच्या तयारीची बैठक झाली तेव्हा मी आयोजकांना एक सूचना केली. प्रत्येक वक्त्यानं आपला धर्म शेजारच्या वक्त्याच्या धर्माहून कुठे वेगळा आहे, एवढी एकच गोष्ट सांगावी, आणि ती शेजारच्याकडे बघून सांगावी. दोघांनी हरकत घेतली, मौलानांनी लगेच होकार दिला, महाराज म्हणाले विचार करून सांगतो. समारोपाचं भाषण यंदा ठेवू नका, असंही सुचवलं आहे. त्या वेळेतली पाच मिनिटं मी आजींसाठी मागून घेतली आहेत.